पोटातलं ओठावर

तांडेलकाका,

मिरकरवाड्याच्या वळणावर तुमचा बॅनर लागलाय. फोटोत तुम्ही पांढऱ्या सदऱ्यात, गाल भरलेले, डायलिसिसच्या मशीनला लागायच्या कितीतरी आधीचे. खाली लिहिलंय, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. रिक्षातून जाताना ते वाचलं आणि मी ह्यांना म्हटलं, जरा थांबवा. रिक्षा ह्यांचीच, त्यामुळे थांबली. मी परत वाचलं.

अल्पसा आजार म्हणे. आठवड्यातून तीन वेळा हातात जाड सुया टोचून घ्यायच्या, घोटभर पाण्यासाठी तळमळायचं, आणि दगडासारखं पोट घेऊन हसून दाखवायचं, ह्याला अल्पसा म्हणतात. तुमच्या माणसांचं चुकलं असं नाही, सगळ्यांच्याच बॅनरवर हेच असतं. पण वाड्यात कोण म्हणतं हार्ट बंद पडलं, कोण म्हणतं किडनीनं नेलं. तुम्हाला कशानं नेलं ते काकींना माहीत आहे, डॉक्टरबाईंना माहीत आहे आणि मला. ते तुमच्या तोंडातून कधी निघालं नाही. म्हणून मी बोलते.

तुमची आणि माझी ओळख व्हायचं काही कारणच नव्हतं. तुम्ही जन्म दर्यावर काढलेले, ट्रॉलरचे तांडेल, वीस-पंचवीस खलाशी ज्याच्या शब्दावर जाळं टाकायचे आणि ओढायचे असा माणूस. मी मांडवीला घरी डबे करणारी बाई. तुमच्या किडन्या साखरेनं घालवल्या, माझ्या ब्लडप्रेशरनं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी. तुमची खाट खिडकीशी आणि माझी तुमच्या शेजारी. सोयरीक म्हणायची ती एवढीच.

पहिल्या दिवशी मी सुई बघून रडले होते. चाळीशी उलटलेली बाई, हुंदके देत होते. तुम्ही तिकडे तोंड करून झोपलेले वाटलात. मग न वळताच म्हणालात, "बाय, हाताकडं बघू नको गो. खिडकीतनं बघ, तो माड दिसतोय मा? त्याच्या झावळ्या बघ कशा हलतायत." मी झावळ्या बघितल्या. सुई जाऊन झाली तरी बघत राहिले. तहान कशी मारायची तेही तुम्हीच शिकवलंत. बर्फाचा लहान खडा जिभेवर ठेवायचा, चावायचा नाही, गिळायची घाई करायची नाही. "दर्यावर पाणी संपलं की माणूस येडा होतो, म्हणून आधीच जिभेला धाकात ठेवायचं," म्हणालात. आजही मी तशीच खडा ठेवते. जिभेला धाकात ठेवणारा हा माणूस पोटापुढे मात्र गप्प बसायचा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

कळलं कसं, तर तुमच्या डब्यावरून. काकी तुम्हाला आटवल द्यायच्या, मऊ भात, वर जरा जिरं. तुम्ही दोन घास खाऊन डबा बंद करायचात. डबे करणाऱ्या बाईच्या नजरेतून हे सुटत नाही. डबा परत कसा येतो त्यावरून मला घरातलं भांडण, ताप, परीक्षा सगळं कळतं. तुमचं तोंड उतरलेलं, ढेकरा येणाऱ्या, कुशीवर वळताना हात पोटावर. एकदा तुम्ही कण्हलात तेव्हा मी सरळ विचारलं.

"काका, पोट साफ होत नाही ना?"

तुम्ही असं बघितलंत, जसं काही मी भर बाजारात तुमचं धोतर ओढलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? माझंही तेच आहे. चार-चार दिवस."

मशीनचा आवाज चालू होता. मग छताकडे बघत म्हणालात, "माजं पाच झाले."

त्या दिवसापासून आपली खरी ओळख. नवरा-बायको बोलत नाहीत ते आपण बोलायला लागलो. मी दार लावून रडते, तुम्ही संडासात इतका वेळ बसता की पायाला मुंग्या येतात, भिंत धरून उठावं लागतं, हे सगळं. आणि जगाचे सल्ले. शेजारीण म्हणते भरपूर पाणी पी. पाणीच तर मापानं. सासूबाई म्हणतात पपई खा, पेरू खा. त्यात पोटॅशियम, आपल्याला बंद. कोणी म्हणतं शहाळं. तेच. पालेभाजी, तेच. इसबगोल घ्यायचं तर वर भांडंभर पाणी हवं, म्हणजे पुन्हा पाणी. तुम्ही म्हणालात, "जल्लं मेलं ते! चारी बाजूंनी जाळं टाकलंय आणि आपण मधी." आपण खूप हसलो तेव्हा. हसण्यासारखं त्यात काय होतं, आता आठवत नाही.

पण डॉक्टरबाईंना सांगायला तुम्ही तयार नव्हता. त्या रोज खाटेशी येऊन विचारायच्या, "काका, बरं आहे?" आणि तुम्ही, "बरं हाय." पोट टम्म, आणि "बरं हाय."

"अहो, सांगा ना त्यांना."

"ती माज्या लेकीएवढी पोर हाय गो. तिला काय सांगू, माजं परसाकडचं?"

"मग होडीवर कसे जायचात? वीस माणसांत?"

तेव्हा तुम्ही तो होडीचा किस्सा सांगितलात. होडीच्या मागल्या टोकाला जायचं, दोर धरायचा आणि बसायचं. वर आभाळ, खाली दर्या. वाऱ्याचा अंदाज चुकला तर मागचे खलाशी आईबापाचा उद्धार करणार. एकदा नवीन खलाश्याची चड्डीच लाटेनं नेली आणि तो मिरकरवाड्याला येईपर्यंत बर्फाच्या खणाआड बसून होता. मी इतकी हसले की हात हलला, मशीन बोंबलायला लागली आणि सिस्टर धावत आल्या. "तिथं कसली लाज?" तुम्ही म्हणालात. "तिथं सगळेच उघडे. हितं मी एकटाच उघडा."

म्हणून मी युक्ती केली. पुढच्या खेपेला डॉक्टरबाई आल्या तेव्हा माझंच गाऱ्हाणं मी मोठ्यानं मांडलं, तुमच्या कानावर जावं म्हणून. किती दिवस होत नाही, कसं कुंथावं लागतं, पोट कसं फुगतं, भूक कशी मरते. त्या स्टूल ओढून बसल्या.

"हे आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "पाणी कमी, फळंभाज्यांवर बंधन, जेवणाबरोबरची फॉस्फरसची गोळी पोट धरते, लोहाची गोळी धरते, त्यात चालणं नाही. पोट साफ होणार कसं? हा तुमच्या आजाराचाच भाग आहे. पोट तुंबलं की अंगातलं पोटॅशियमही वाढतं, म्हणजे जिवाशी गाठ. ह्यात लाजायचं काय?"

मग त्यांनी माझी गोळी बदलली, एक गोड पातळ औषध लिहून दिलं, जेवणानंतर ठरावीक वेळी जाऊन बसायचं, पायाखाली पाट घ्यायचा, रोज चालायचं, असं सगळं नीट समजावलं. आणि बजावलं, दुकानातलं कुठलंही चूर्ण, पोट साफ करायची पुडी, मीठ, त्यांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. काहींत असे क्षार असतात जे आपल्या किडन्या बाहेर टाकू शकत नाहीत. तुम्ही डोळे मिटून पडलेले, पण तुमचा कान इकडेच होता. जाता जाता त्या तुमच्याकडे वळल्या.

"आणि काका, तुमचं?"

तुम्ही म्हणालात, "तसंच."

एवढ्या एका शब्दावर तुमचा इलाज सुरू झाला.

त्यानंतरचे महिने बरे गेले. मी दोडका, पडवळ, दुधी आधी उकळून, पाणी ओतून टाकून कशी चविष्ट करायची ते काकींना फोनवर सांगायची. काकी म्हणायच्या, "पाण्याबरोबर चवच गेली मा सगळी." मी म्हणायची, लसणीची फोडणी द्या, मिरपूड घाला, थोडं लिंबू पिळा, मीठ राहू दे. तुम्ही सकाळी वॉर्डात शिरताना दारातूनच हात वर करायचात, उघडा पंजा, म्हणजे झालं. मूठ दाखवली की नाही झालं. सिस्टरना वाटायचं तुम्ही मला आशीर्वाद देता.

आरे-वारेला गेलो होतो तो दिवस आठवतो. डॉक्टरबाईंनी चालायला सांगितलं म्हणून तुम्हीच टूम काढलीत. ह्यांच्या रिक्षातून आपण चौघं, तुम्ही, काकी, मी आणि हे. तुम्ही वाळूत उतरलात आणि सुजलेल्या पायांनी पाण्याच्या कडेनं चालायला लागलात, अगदी हळू. काकी मागून छत्री धरून. लांबवर दोन ट्रॉलर दिसत होते. ते कोणाचे, कुठल्या बाजूला जाळं टाकतील, माशानं आज दगा दिलाय की नाही, हे तुम्ही धुराच्या रंगावरून सांगत होतात. खरं की खोटं कोण तपासणार? मग थांबलात आणि म्हणालात, "आज सकाळी पोट इतकं साफ झालं गो बाय, वाटलं होडीत चढावं आणि जावं." काकी लाजून पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "असलं काय बोलता चारचौघांत!" तुम्ही म्हणालात, "बाय परकी हाय काय?"

तो एक दिवस मला पुरला असता, काका. पण दिवस पुरत नाहीत.

मग तो शनिवार आला. तुम्ही औषध सकाळी घेतलं होतं, वेळ चुकून. डायलिसिस अर्ध्यावर असताना तुमच्या पोटात कळ आली. हातात दोन सुया, रक्त बाहेर, मशीन चालू. माणूस उठणार कुठे? तुम्ही सिस्टरला हाक मारेपर्यंत उशीर झाला होता. त्यांनी पडदा ओढला, भांडं आणलं, वॉर्डबॉयला बोलावलं. पडद्यानं दिसत नाही, पण ऐकू येतं. आणि वास पडदा मानत नाही. समोरच्या खाटेवरच्या पोरानं नाकाला रुमाल लावला.

मी काय करणार? उजवा हात मोकळा होता. फोन घेतला, कानाला लावला आणि ह्यांच्याशी भांडायला सुरुवात केली. गॅस संपलाय ते सांगितलं का नाही, कांदे आणायचे होते ते आणलेत का, तुमच्या आईला कोण समजावणार, सगळं वर्षभराचं. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. तुमचं आवरून पडदा उघडला तेव्हा मी फोन ठेवला. फोनवर कोणीच नव्हतं, काका. पुढच्या मंगळवारी तुम्ही एवढंच म्हणालात, "नवऱ्याशी एवढं भांडू नको गो. भला माणूस हाय." तुम्हाला कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

पण त्या दिवसानंतर तुमच्यातलं काहीतरी मोडलं. हात वर करणं बंद झालं. मी विचारलं तर, "बरं हाय." तेच जुनं. मला वाटलं, औषधाच्या वेळेचा घोळ आहे, डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी घ्या म्हणजे प्रश्नच नाही. तुम्ही मान हलवलीत. ती मान हो म्हणणारी नव्हती हे मला राजापूरच्या लग्नाच्या गोष्टीत कळलं.

तुमच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न. तुम्ही एकटेच मामा उरलेले. नवरीला मांडवात आणायचं, अंतरपाटामागे तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा तुमचा मान. गेले कित्येक आठवडे तुम्ही त्याबद्दलच बोलत होता. नवीन धोतर, फेटा, आहेर. लग्न मंगळवारचं होतं, म्हणजे एक डायलिसिस चुकणार होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सोमवारी करून घ्या, मी जागा काढते. तुम्ही म्हणालात, सोमवारी हळद हाय. लग्नाआधीच्या शनिवारी तुमची माझी वादावादी झाली.

"औषध तरी घेताय ना?"

"लगीन होईस्तवर नाय घेणार."

"कधीपासून बंद केलंत?"

तुम्ही खिडकीकडे बघायला लागलात.

"काका, कधीपासून?"

"मांडवात भाचीच्या मागं उभा असताना तसं झालं तर? त्या दिवशी पडदा तरी होता. तिथं सगळा गाव असणार."

"डॉक्टरबाईंना विचारू. कमी-जास्त करतील, वेळ बदलतील. सोडायचं नाही. चार-पाच दिवसांत पोट परत दगड होईल, मग काय लग्न बघाल?"

"तू नाय बोलायचं तिला. माजं पोट हाय, गावाची चावडी नाय."

"लाजेपायी माणूस मरतो, काका."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. एवढं रागावलेलं मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. "आणि लाज गेली तर माणूस ऱ्हातो काय गो? होडी गेली. पाणी गेलं. ताटातला मासा गेला. आता एवढीच ऱ्हायलीय. ती पण टाकू?"

मी काहीतरी म्हणणार होते. सिस्टर सुया काढायला आल्या. मी काय म्हणणार होते हे मला अजून सापडलेलं नाही. तुम्ही काठी टेकत निघून गेलात, आणि दारातून वळून बघितलं नाहीत.

लग्न चांगलं झालं, काकी सांगत होत्या. तुम्ही फेटा बांधून ताठ उभे राहिलात. मंगलाष्टकांच्या वेळी डोळे पुसलेत. जेवला नाहीत, पण पंगतीत प्रत्येकाला आग्रह केलात. मुलीची पाठवणी झाली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होतात, आणि सगळ्यांना वाटलं, मामाला भरून आलंय म्हणून कपाळावर एवढा घाम.

गुरुवारी काकी आणि एक शेजारी तुम्हाला दोन बाजूंनी धरून वॉर्डात घेऊन आले. पोट नगाऱ्यासारखं. ओठ पांढरे. खाटेवर टेकताच तुम्हाला उलटी झाली, आणि त्या उलटीचा वास उलटीचा नव्हता. सिस्टरनी विचारलं, काय खाल्लंत? तुम्ही म्हणालात, "लग्नातलं वांगं बाधलं."

सिस्टर ते लिहून घ्यायला लागल्या.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघत होता, आणि तुमचे डोळे सांगत होते, बोलू नको. काका, मी तुमचं सगळं ऐकत आले. खिडकीतून झावळ्या बघ म्हणालात, बघितल्या. बर्फ चावू नको म्हणालात, नाही चावला. हे नाही ऐकलं. मी ओरडून डॉक्टरबाईंना हाक मारली. "ह्यांनी पोटाचं औषध केव्हाच सोडलंय. कितीतरी दिवस पोट साफ झालेलं नाही. वांगं-बिंगं काही नाही. आधी पोट बघा."

डॉक्टरबाईंनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. मशीन लावायची थांबवून त्यांनी स्ट्रेचर मागवला, सर्जनला फोन लावला. धावपळ सुरू झाली. तुम्हाला स्ट्रेचरवर घेतलं, तो माझ्या खाटेजवळून गेला. तुम्ही हात उचललात. मला वाटलं माझा हात धरणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "सांगितलंस ना शेवटी."

हे तुमचे माझ्याशी शेवटचे शब्द.

पुढचं मला काकींकडून कळलं. आतडं तुंबून तुंबून फाटलं होतं. पोटॅशियम एवढं चढलेलं की आधी छाती सांभाळावी की पोट, हेच डॉक्टरांना कळेना. कोल्हापूरला हलवायचं बोलणं झालं, पण घाटापर्यंत टिकणार नाहीत म्हणाले. ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. तोंडाला मास्क होता, त्यामुळे काही बोलला नाहीत. काही बोललात का, असं मी काकींना दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, "नाय गो बाय. नुसते बघत होते."

डॉक्टरबाई नंतर माझ्या खाटेशी आल्या तेव्हा त्यांचेही डोळे सुजलेले होते. "मी रोज विचारायचे," त्या म्हणाल्या. "रोज, बरं हाय."

तुमचा राग आला होता का मला? आला होता. अजून येतो. मांडवात ताठ उभं राहायला म्हणून एवढं केलंत आणि राहिलात ताठ, हे खरं. भाचीच्या लग्नाच्या फोटोत तुम्ही राजासारखे दिसता. काकींनी दाखवला. त्या फोटोकडे बघून मला वाटतं, ह्या माणसाला जे हवं होतं ते त्यानं मिळवलं, मी कोण बोलणारी? आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, एक झाकण पातळ औषध, काका. एक झाकण. ते पोटात गेलं असतं तर भाचीच्या मुलाचं बारसंही बघितलं असतंत.

मी तेराव्याला तुमच्या घरी आले होते. तुमचा मुलगा बोटीवरून आलेला, लोकांना खुर्च्या देत होता. बायका स्वयंपाकघरात. जेवायला बसवलं, मी नको म्हटलं. माझं पथ्य सगळ्यांना ठाऊक. निघताना काकींनी माझा हात धरला आणि मागल्या पडवीत नेलं, जिथे तुमची जुनी जाळी गुंडाळून ठेवलीत. दार लावून घेतलं.

"बाय, तुजशी बोलायचंय."

मला वाटलं तुमच्याबद्दल काही असेल. तुम्ही जाताना काही सांगितलं असेल.

"माजं पण पोट बरं नाय," काकी म्हणाल्या. "परसाकडं रक्त पडतं."

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून. आधी थोडं होतं. आता रोजच पडतं. वजन पण गेलं, ही बघ चोळी."

आरे-वारेला तुमच्या डोक्यावर छत्री धरून मागे मागे चालणाऱ्या काकी. तेव्हाही पडत होतं.

"काकांना सांगितलं नाहीत?"

"त्यांना काय सांगायचं? त्यांचंच त्यांना झालेलं. आणि असलं कोण सांगतं गो पुरुषाला?"

एका घरात दोघं, काका. एकच संडास. तुम्ही आतून कडी लावायचात ती त्यांच्यापासून, आणि तुम्ही बाहेर आलात की त्या जाऊन कडी लावायच्या ती तुमच्यापासून. चाळीस वर्षांचा संसार. तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत की औषध सोडलंय, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही की रक्त पडतंय. दोघांनी एकमेकांना किती जपलंत!

मी माझ्या मोकळ्या दिवशी काकींना दवाखान्यात घेऊन गेले. वाटभर त्या पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. मला वाटलं, आत गेल्यावर ह्याही म्हणणार, बरं हाय. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काकी, काय होतंय?" आणि काकींनी पदर खाली घेतला. सगळं सांगितलं. कधीपासून, किती, रंग कसा, दुखतं कुठं, वजन कसं उतरलं. कुठेही थांबल्या नाहीत. सांगून झाल्यावर विचारलंही, "कॅन्सर हाय काय?"

डॉक्टरबाई खोटं बोलल्या नाहीत. "तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. मूळव्याधही असू शकते. पण एवढे महिने गेलेत, दुर्बिणीनं बघायलाच हवं." सोमवारची वेळ मिळाली आहे. आदल्या दिवशी पोट पूर्ण रिकामं करायचं औषध घ्यावं लागतं, ते कसं घ्यायचं हे काकींनी तीन-तीनदा विचारून घेतलं. काय निघेल मला माहीत नाही. डॉक्टरबाईंचा चेहरा मला आवडला नाही, तो मी आधी एकदा बघितलाय.

जिना उतरताना काकींनी माझा सुया नसलेला हात धरला. मधल्या पायरीवर थांबल्या.

"ह्यांना कळलं असतं, की मी डॉक्टरला असलं सांगितलं, तर रागावले असते गो."

"रागावू देत," मी म्हटलं.

तर रागवा, काका. सोमवारी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.